भिंत पास झाली

मागच्या आठवड्यात धाकट्या बहिणीच्या प्रगतिपुस्तकाचा फोटो फोनवर आला आणि माझं डोकं फिरलं. मी इथे तमिळनाडूत, होसूरजवळच्या गोदामात जेवणाच्या सुट्टीत बसले होते. पुढ्यात सांबारभात. फोटो मोठा करून बघितला. इयत्ता सातवी, प्रथम सत्र, आणि खाली निळ्या शाईत वळणदार अक्षर : 'स्वतःच्या भावना समर्पक शब्दांत व्यक्त करते. चित्रकलेत विशेष रुची आहे. वाचन ओघवते आहे.'

हे शब्द माझ्या ओळखीचे आहेत. भिवंडीहून वज्रेश्वरीला जाणाऱ्या रस्त्यावर आत आमचा पाडा आहे. त्याच पाड्यावरच्या शाळेत मी होते, तेव्हा सहा वर्षं माझ्याही प्रगतिपुस्तकात हेच लिहून यायचं. त्या सहा वर्षांत मी एकदाही रंगाचा ब्रश हातात धरला नव्हता. आणि वाचता तर मला येतच नव्हतं.

शेजारी बसणारी अक्का ताटाकडे बोट दाखवून जेव जेव म्हणत होती. मी जेवले नाही. मला बाई आठवल्या. बाई आठवल्या की मला आधी राग येतो. बाकीचं सगळं त्याच्यामागून येतं.

बाई आमच्या शाळेत आल्या तेव्हा मी नुकतीच सातवीत गेले होते. भिवंडीहून एसटीने यायच्या. निजामपुऱ्याजवळ त्यांचं घर, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. वडील कचेरीत कारकून होते म्हणे. घराच्या चारी बाजूंनी कापड विणायचे लूम. त्या खडखडाटात वाढल्यामुळे गळा असा झालेला, की त्या वर्गात "बसा" म्हणाल्या तरी बाहेरच्या कोंबड्या पळायच्या. अंगावर सुती साडी आणि पायांत पोरांचे पीटीचे पांढरे बूट. गळ्यात शिंप्याची टेप. ती दिवसातून चारदा तरी निघायची. "हा फळा किती लांब? आधी बोल, मग मोज." उत्तर चुकलं की खूश व्हायच्या, बरोबर आलं की संशय घ्यायच्या. रागावल्या की हिंदीत शिरायच्या. फारच रागावल्या की गप्प बसायच्या, आणि ते सगळ्यात वाईट.

पहिल्याच दिवशी त्यांनी एका पोराला सातचा पाढा विचारला. त्याला आला नाही. त्याने हळूच डोळे वर केले, कारण भिंतीवर पाढ्यांचा तक्ता होता. आमच्या वर्गात भिंत म्हणून दिसायची नाही, इतके तक्ते. पाढे, जोडाक्षरं, शरीराचे अवयव, सुविचार. साहेब तपासणीला यायचे म्हणून दर वर्षी नवे चिकटवायचे.

बाईंनी त्याची नजर पकडली. "हे कोणाला येतं?"

आम्ही सगळ्यांनी वहीत डोकं घातलं.

"भिंतीला येतं. तुम्हाला नाही. भिंत पास झाली. बस खाली."

मग स्वतः स्टुलावर चढल्या, बुटांसकट, आणि एकेक तक्ता काढून उलटा टांगला. कोरी बाजू बाहेर. "वर्गातल्या सगळ्यांना यायला लागलं की सुलटा करू." हेडसर धावत आले. "बाई, उद्या साहेब आले तर काय दिसेल?"

"आहे ते दिसेल."

वर्षअखेरपर्यंत दोन तक्ते सुलटे झाले. सातवीच्या पोरांना काय काय आलं पाहिजे त्याची सरकारची यादी बरीच लांब आहे. मी अलीकडे फोनवर काढून वाचली. वर्तुळाचं क्षेत्रफळ आहे, राज्यघटना आहे, ऊतींचे प्रकार आहेत, ऐकलेल्या मजकुराचा आशय आपल्या शब्दांत मांडणं आहे. वाचून मला हसू आलं नाही. आमच्या वर्गात चोवीस पोरं होती आणि त्यातल्या नऊ जणांना स्वतःचं पूर्ण नाव लिहिताना घाम यायचा.

आणि प्रकल्प! तेव्हा प्रकल्पांचं खूळ होतं. 'पाणी वाचवा', 'आपले सण', 'वाहतुकीची साधनं'. हे सगळं भिवंडीत दुकानात तयार मिळायचं, चित्रांसकट, मुखपृष्ठासकट. वर फक्त नाव लिहायचं. हायवेलगत गाळा असणाऱ्याच्या पोराने असा एक आणला. बाईंनी पानं उलटली, शाबासकी दिली, आणि शेवटच्या पानावर लाल शाईत लिहिलं : 'दुकानदार पास. गुण वीसपैकी वीस. दुकानदारास कळवणे.' त्या पोराचा बाप शाळेत भांडायला आला. बाई त्याला म्हणाल्या, "भाईसाब, नाराज क्यूँ होते हो? तुमच्या मुलाला मी नापास नाही केलं. त्याने काही केलंच नाही, तर नापास कशात करू?"

हजेरीची तर वेगळीच तऱ्हा. आम्ही पहिलीपासून 'हजर बाई' म्हणायला शिकलेलो. ह्या बाईंना ते चालायचं नाही. नाव घेतलं की कालपासून आजपर्यंत न कळलेली एक गोष्ट सांगायची. तीच हजेरी. 'सगळं कळलं' म्हणणाऱ्याला त्या दार दाखवायच्या. "तुला सगळं कळलंय? मग तुझं इथे काय काम? जा, बाहेर बस. गुरं राख."

पहिले आठ दिवस रडारड झाली. मग सवय लागली. पोरं शाळेच्या वाटेवरच एकमेकांना विचारायची, तुझं काय हाय आज? एकाने विचारलं, वज्रेश्वरीच्या कुंडातलं पानी खालून कोन तापवतं? मी विचारलं होतं, माती काळी असते तर भट्टीत वीट लाल कशी होते? बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही." मास्तरीण माहीत नाही म्हणते हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांनी ते एका लांब वहीत लिहून घेतलं आणि तीन दिवसांनी भिवंडीच्या कुठल्याशा कॉलेजातल्या मास्तरला विचारून उत्तर आणलं. मातीत लोखंड असतं, ते जाळात लाल होतं. माझं नाव घेऊन सांगितलं. तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. कोणीतरी माझ्या प्रश्नासाठी दुसऱ्या गावी जाऊन चौकशी केली होती.

सांगायची गोष्ट मी टाळतेय. सांगते.

माझी एक युक्ती होती. धडा दोनदा कानावर पडला की मला पाठ व्हायचा. मुळाक्षरं ओळखीची होती, पण त्यांना जोडून शब्द होत नव्हता. अक्षरं नुसती उभी राहायची, एसटीच्या रांगेत माणसं उभी राहतात तशी, एकमेकांशी काही नातं नाही. म्हणून मी ऐकायचे. मास्तर वाचताना कुठल्या शब्दाला पान उलटतात तेही लक्षात ठेवायचे. मग उभी राहून पुस्तक समोर धरून धाडधाड म्हणायचे. डोळे ओळींवरून फिरवायचे, बरोबर जागी पान उलटायचे. सगळे मास्तर खूश. पाड्यावरची पोरगी बघा कशी वाचते!

आणि मधली अर्धी वर्षं मी असायचेच कुठे? दिवाळी झाली की आय-बा पडघ्याकडच्या वीटभट्टीवर जायचे, त्यांच्याबरोबर मी. परत यायचे तोवर वार्षिक झालेली असायची. तरी मी वरच्या वर्गात. तेव्हा आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही असा नियम होता.

सप्टेंबरात एकदा बाईंनी वडापावाचा कागद सपाट करून माझ्या हातात दिला. "वाच."

वर्तमानपत्राचा तुकडा. तेलाचा डाग पडलेला. मी बघत राहिले.

"वाच की. काल तर धडा गाणं म्हटल्यासारखा वाचलास."

"बाई, ह्ये पुस्तकात न्हाय," मी म्हटलं.

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून आमच्या सगळ्यांची जुनी प्रगतिपुस्तकं काढली, टेबलावर पसरली आणि माझी सहा वर्षं भर वर्गात मोठ्याने वाचली. 'वाचन ओघवते आहे.' 'वाचन ओघवते आहे.' 'वर्गातील उपक्रमांत उत्साहाने सहभागी होते.' "उत्साहाने! ही तेव्हा भट्टीवर होती! ये क्या मजाक है? सही कोणाची आहे ही?" त्या मास्तरांवर ओरडत होत्या, हे आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं, की चोवीस पोरं माझ्याकडे बघतायत आणि माझं मोठं काहीतरी उघडं पडलंय. मी दप्तर तिथेच टाकून पळाले.

नंतर मैत्रिणीने सांगितलं, मी गेल्यावर काय झालं ते. बाई एकामागून एक प्रगतिपुस्तकं चाळत राहिल्या. मग टेबलाच्या खणातून एक छापील पुस्तिका काढली. नमुन्याच्या नोंदींची. दुकानात मिळते, अजून मिळते. तिच्यात नोंदी क्रमांकाने छापलेल्या असतात. आमच्या मास्तरांनी सरळ हजेरीक्रमांकाने उतरवल्या होत्या. एक नंबरच्या पोराला एक नंबरची नोंद, दोनला दोन. माझा नंबर चौदा. चौदावी नोंद चित्रकलेची. म्हणून मी सहा वर्षं चित्रकार.

नऊ नंबरचा पोरगा आदल्या एप्रिलात साप चावून मेला होता. एक मेच्या निकालाला त्याचंही प्रगतिपुस्तक भरलेलं होतं. 'मैदानी खेळांत आनंदाने भाग घेतो. वरच्या वर्गात घातला आहे.'

ते वाचून बाई खाली बसल्या. त्या दिवशी मग ओरडल्या नाहीत.

संध्याकाळी त्या आमच्या खोपटात आल्या. बूट चिखलाने भरलेले. आय घाबरून गेली, बसायला काय द्यावं तिला सुचेना. बाई दारातच माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "चूक झाली माझी. सगळ्यांच्या समोर वाचायला नको होतं. परत करणार नाही." आयुष्यात मास्तर माणसाने माझी माफी मागितलेली तेवढीच. मी मान वर केली नाही. मग त्या माझ्या बाच्याकडे वळल्या. "ही सातवीतून निघेपर्यंत हिला हातात पडेल तो कागद वाचता आला पाहिजे. आणि मोठ्या माणसाच्या तोंडावर 'मला कळलं नाही' असं म्हणता आलं पाहिजे. बाकी राज्यघटना मी बघून घेईन."

बा म्हणाला, "दिवाळीला तं आम्ही भट्टीवर जानार, बाई. ती न्हाय आली तं विटा कोन उलटील?"

"मग मी भट्टीवर येईन."

आम्हाला वाटलं, बोलायची गोष्ट. तर पहिल्याच रविवारी पांढरे बूट भट्टीवर हजर. मी ओल्या विटा उन्हात उलटत होते. बाईंनी एक वीट बघितली. आमच्या शेठच्या विटेवर खड्ड्यात 'श्री' उठायचा, साच्यातच कोरलेला.

"हे काय आहे?"

"नक्षी."

बाईंनी डोळे मिटले. उघडले. "किती विटा उलटतेस दिवसाला?"

"हजार."

"दिवसाला हजार वेळा तुझ्या हाताखालून जोडाक्षर जातं आणि तुला नक्षी वाटते! सहा वर्षं काय केलं रे ह्या लोकांनी?" तो 'रे' कोणाला होता कोणास ठाऊक. मग तिथेच बसून त्यांनी 'श' वेगळा केला, 'र' वेगळा केला, वेलांटी वेगळी काढून दाखवली. ओल्या विटांच्या पाठीवर काडीने. शेठ बोंबलत आला, "ओ बाई, माल खराब होतो!"

"पाठीवर लिहितेय, शेठ. पोटाला हात लावलेला नाही."

मार्चपर्यंत बहुतेक रविवारी त्या आल्या. मी क्ष, ज्ञ, त्र, र्‍य असं काय काय विटांच्या पाठीवर लिहिलं. त्या विटा भाजून गेल्या, त्यांची गोदामं झाली. पडघ्याच्या कुठल्या तरी भिंतीत प्लास्टरखाली माझं शुद्धलेखन आहे. मार्चात मी पहिल्यांदा एक अख्खा कागद वाचला. ट्रकवाल्याने टाकलेली पावती. गाडीचा नंबर, माल, ठिकाण. वाचायला बराच वेळ लागला. बाईंनी घड्याळ बघितलं नाही.

पण वाचन म्हणजे ते असं. अडखळत, थांबत, मागे जाऊन परत. त्यांना ते पुरं नव्हतं, आणि मलाही कळत होतं की आठवीला पाच किलोमीटरवरच्या हायस्कुलात गेले की मी बुडणार. तिथे एका वर्गात सत्तर पोरं. बाईंच्या मनात एकच होतं, हिला अजून एक वर्ष सातवीत बसवायचं. बाला समजावून अर्ज घेतला, त्याचा अंगठा घेतला. आणि माझ्या प्रगतिपुस्तकात नमुन्याची नोंद न करता स्वतःच्या हाताने लिहिलं : 'सप्टेंबरपर्यंत वाचता येत नव्हते. आता सावकाश वाचते. जोडाक्षराला अडखळते. भागाकार येत नाही. जबाबदार शाळा, मी धरून.'

हेडसरांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "बाई, हे रजिस्टर आहे, तुमची डायरी नाही. हे वर गेलं तर माझी नोकरी जाईल!"

"वर जाऊ दे. वरच्यांना वाचता येतं का ते तरी कळेल."

म्हणून एप्रिलात केंद्रप्रमुख साहेब आले. बाईंनी मला दहा दिवसांसाठी भट्टीवरून शाळेत आणून ठेवलं होतं. साहेब वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. पाणी प्यायला, उलट्या तक्त्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "बाई, परत बसवणं नियमात बसत नाही. पण मूल खरंच मागे असेल तर मी शिफारस करून बघतो. आधी मुलीला बघू. ये बाळ. वाच."

"साहेब, पुस्तकातलं नको," बाई म्हणाल्या. "हा कागद द्या."

"पुस्तक म्हणजेच अभ्यासक्रम ना, बाई? कुठलाही धडा वाच, बाळ." आणि पहिल्या बाकावरच्या पोराचं पुस्तक ओढून त्यांनी माझ्या हातात दिलं.

मी वर्गाकडे बघितलं. चोवीस पोरं. सप्टेंबरातली तीच नजर. आता खरं वाचायला लागले तर अडखळणार, सगळे हसणार, आणि वर परत सातवीत बसायचं, माझ्याहून लहान पोरींबरोबर. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. वाच, असं. सावकाश वाच, असं.

मी दीपगृहाचा धडा काढला. तो मला पाठ होता. मी समुद्र कधी बघितला नव्हता, पण दीपगृहाचा धडा गाण्यासारखा म्हणायचे. सुरू केलं. डोळे ओळींवरून फिरवले, पान उलटलं. एकदाही अडखळले नाही. साहेबांनी अर्ध्यातच फोन काढला. शेवटी म्हणाले, "बघा बाई. वाचते की ओघवतं. तुमची काहीतरी गैरसमजूत आहे. हेडसर, ही नोंद बदलून घ्या."

बाई पुढे आल्या. माझ्या हातातलं पुस्तक घेतलं. उघडं होतं तसंच. आणि तेव्हा माझंही लक्ष गेलं. त्या पोराच्या पुस्तकातलं एक पान फाटून गेलेलं होतं. बेचाळीसनंतर एकदम पंचेचाळीस. नसलेली दोन पानं मी धाडधाड वाचून दाखवली होती.

बाईंनी आकडे बघितले. एकदा माझ्याकडे बघितलं. पुस्तक वर धरून साहेबांना नुसतं दाखवलं असतं तर त्या जिंकल्या असत्या. मला वर्ष मिळालं असतं. मला वाटलं, आता ओरडतील, आता सगळ्यांना दाखवतील.

त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्या पोराच्या बाकावर ठेवलं. "ठीक आहे, साहेब," म्हणाल्या. एवढंच. आवाज इतका बारीक की मागच्या बाकांपर्यंत गेला नसेल.

ह्याचा मला राग आहे. माझा स्वतःचा राग आहेच, तो कुठे जाणार? हेडसरांचा आहे, त्या पुस्तिकेचा आहे, नियमाचा आहे. कोणाला नापास करायचं नाही म्हणजे कोणाला शिकवायचं नाही, असा त्याचा अर्थ ज्यांनी लावला त्या सगळ्यांचा आहे. पण बाईंचा सगळ्यात जास्त. का बोलल्या नाहीत? तेरा वर्षांच्या पोरीला लाज वाटेल म्हणून तिचं वर्ष घालवायचं? एका संध्याकाळी दारात बसून दिलेला शब्द इतका मोठा असतो का?

दुसऱ्या दिवशी हजेरीला माझं नाव आलं. मी उभी राहिले. बाई वही उघडून बसलेल्या, पेन हातात.

"बाई, मला कळलं न्हाय," मी म्हटलं, "काल तुम्ही का बोलला न्हाय?"

बाकी पोरांना काही समजलं नाही. बाईंनी प्रश्न लिहून घेतला, बाकीच्यांचे घ्यायच्या तसाच. तारीख टाकली. "हजर," म्हणाल्या.

तीन दिवसांनी उत्तर आलं नाही. पाच दिवसांनीही नाही. मग मी भट्टीवर परत गेले. मेमध्ये बाईंची बदली झाली, कुठे लांब जव्हारकडे म्हणे. नवीन प्रगतिपुस्तकात माझं वाचन ओघवतं होतं. आठवीत हायस्कुलात मी तीन महिने गेले. मग धाकटी जन्मली, आयच्या अंगात ताकद नव्हती, आणि मला शाळा सोडायला ते कारण पुरलं. खरं कारण मी कोणाला सांगितलं नाही.

पुढचं थोडक्यात. सतराव्या वर्षी पडघ्याच्या गोदामात पॅकिंगला लागले. पहिल्या दिवशी सुपरवायझरने एक कागद पुढे केला, सही कर म्हणाला. मी म्हटलं, "मला कळलं नाही. वाचून बघते, अडलं तर सांगा." त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी गोदामाला आग लावायला निघालेय. पण लक्षात ठेवलं. लेबलं वाचणाऱ्या पोरी त्याला कमी मिळायच्या. त्यातूनच एकेक पायरी करत कंपनीने इकडे नवीन गोदाम लावायला मला पाठवलं. इथली अक्षरं मला येत नाहीत. बसची पाटी वाचता येत नाही, चुकीच्या बसमध्ये बसले तर कुठे जाईन ह्या भीतीने मी अजून बसचा आकडा बघूनच चढते. पण आता एवढं माहीत आहे, की आधी नक्षी दिसते आणि मग अक्षर दिसतं. हे बाईंनी दिलं. त्यांना कुठे पत्र घालायचं मला ठाऊक नाही.

आणि आता हा फोटो. चित्रकलेत विशेष रुची.

जेवणाची सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. मी घरी व्हिडिओ कॉल लावला. दुपारची वेळ, शाळेला सुट्टी होती. धाकटीने घेतला. मागे आय, शेजारची काकी, दोन-तीन पोरी, सगळी मंडळी फोनमध्ये डोकावत होती.

"तुजा हजेरीनंबर काय गं?" मी विचारलं.

"चौदा. का गं ताय?"

"काय न्हाय. मराठीचं पुस्तक आन. वाचून दाखव."

तिने पुस्तक आणलं. सुरू केलं. धाडधाड. आय कौतुकाने हसली. काकी म्हणाली, "बघ, तुझ्यासारखीच हाय!" मी बहिणीचे डोळे बघत होते. डोळे ओळींवरून फिरत होते, बरोबर सारखे, जरा जास्तच सारखे. मग तिने पान उलटलं. ती जागा, तो हात, मी झोपेतसुद्धा ओळखेन.

पुन्हा माझ्याच पुढ्यात पुस्तक उघडं होतं आणि चोवीस पोरं बघत होती. मी तोंड उघडलं, मिटलं. काकी मागे उभी, पोरी मागे उभ्या. बाईंचं तोंड त्या दिवशी असंच मिटलं असेल. एवढं मला कळलं. पण बाईंच्या हातात एकच दिवस होता आणि साहेब समोर उभा होता. माझ्यासमोर साहेब नव्हता.

"आय," मी म्हटलं, "सगळ्यांना घिऊन बाहेर जा. मला हिच्याशी बोलायचं हाय. दार लाव."

"काय झालं?"

"जा म्हनतेय ना!"

दार लागलं. फोनमध्ये ती एकटी राहिली, तोंड एवढंसं झालेलं. तिला कळलं होतं.

"पुस्तक ठेव," मी म्हटलं. "तिथं बिस्किटाचा पुडा हाय, तो घे. वाच."

"ताय, मला…"

"ठाव हाय मला. मीबी अशीच वाचायची. मी कोनाला सांगनार न्हाय. वाच."

बाहेर सुट्टी संपल्याची घंटा झाली. अक्का दारातून हात करून बोलावत होती. मी तिला हातानेच थांब म्हटलं.

"ग," धाकटी म्हणाली. "ग… व्हा…" मग थांबली. डोळे भरले. "मला येत न्हाय, ताय."

"अडखळ," मी म्हटलं. "अडखळ, पन थांबू नको. कोन बघत न्हाय. व्हा म्हंजी ह्यात दोन अक्षरं हायेत, बोटानं झाक, एक एक बघ."

"ग… व… व्हा… चे."

"म्होरं."

"पी… पीठ."

मी खाली गेले तेव्हा बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राने लाल दिवा दाखवला. अर्धा दिवस मी गैरहजर लागले. लागू दे.